साडीचा नव्हे, न भरणाऱ्या जखमेचा कॅन्सर

२०२४च्या नोव्हेंबरात 'साडीमुळे कॅन्सर' असे मथळे सगळीकडे झळकले आणि पुढे कितीतरी दिवस मोबाइलवर फिरत राहिले. मूळ बातमी त्याहून खूप लहान होती. वर्धा आणि बिहारमधल्या मधुबनी इथल्या डॉक्टरांनी 'बीएमजे केस रिपोर्ट्स' या वैद्यकीय नियतकालिकात दोन वयस्क बायकांच्या आजाराची नोंद छापली होती. कमरेवर जिथे परकराची नाडी किंवा लुगड्याची गाठ वर्षानुवर्षं आवळली जात होती, नेमकी तिथेच दोघींना जखम झाली होती. ती दीड-दोन वर्षं भरत नव्हती. जखमेचा छोटा तुकडा काढून तपासल्यावर कातडीचा कॅन्सर निघाला. एकीच्या बाबतीत तर तो जांघेतल्या रसग्रंथीपर्यंत (लिम्फ नोडपर्यंत) पोचलाही होता.

या मथळ्यांचा मला राग येतो. पहाटे बंदरावर मासळी घ्यायला जाणारी आणि पाटी डोक्यावर घेऊन गावभर फिरणारी बाई लुगडं घट्ट आवळल्याशिवाय काम करणार कशी? तिला बातमीने भीती दिली आणि उपयोगाचं काहीच दिलं नाही. दुसऱ्या बाजूने सनस्क्रीनच्या जाहिराती उन्हाची भीती घालतात. या दोन्ही भीतींच्या मध्ये एक साधी गोष्ट राहून जाते. आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या माणसांत हा कॅन्सर बऱ्याचदा जुन्या भाजल्याच्या व्रणातून आणि महिनोन्‌महिने न भरणाऱ्या जखमेतून उगवतो. ती जागा डोळ्यांसमोर असते. घरातल्या सगळ्यांना माहीत असते. तरी तिच्याकडे कुणी बघत नाही.

कातडीत नेमकं काय बिघडतं?

कातडीचा सगळ्यात वरचा थर अंगावर बहुतेक ठिकाणी जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो. तळहात-तळपायांना तो जाड असतो. या थराच्या तळाशी नव्या पेशी जन्मतात, वर सरकतात, सरकता सरकता चपट्या होतात आणि महिना-दीड महिन्यात मरून गळून पडतात. या चपट्या पेशींचं वैद्यकीय नाव स्क्वॅमस पेशी. त्यांच्यापासून होणारा कॅन्सर म्हणजे स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. रिपोर्टवर पुष्कळदा नुसतं 'एससीसी' लिहिलेलं असतं. इथे मी त्याला चपट्या पेशींचा कॅन्सर म्हणते.

कातडीचे आणखी दोन मोठे कॅन्सर आहेत. तळाच्या पेशींपासून होणारा बेसल सेल कार्सिनोमा हळू वाढतो आणि सहसा दुसरीकडे पसरत नाही. रंग बनवणाऱ्या पेशींपासून होणारा मेलानोमा आपल्याकडे क्वचित होतो, पण झाला तर घातक असतो. गोऱ्या लोकांच्या देशांत बेसल सेल सगळ्यात जास्त दिसतो. भारतीयांमध्ये बऱ्याच नोंदींत चपट्या पेशींचा कॅन्सर आघाडीच्या जागी राहिला आहे. अर्थात, कातडीचे सगळे कॅन्सर एकत्र धरले तरी आपल्या देशातल्या एकूण कॅन्सरमध्ये त्यांचा वाटा फार लहान आहे.

तोंडाच्या कॅन्सरच्या रिपोर्टवरही हेच नाव असतं, कारण गालाच्या आतल्या अस्तरातही अशाच पेशी असतात. पण तंबाखू-मिश्रीमुळे होणारा तो आजार जास्त आक्रमक आहे. नाव एक असलं तरी एकाचं भवितव्य दुसऱ्याला लावू नये. पायावरच्या छोट्या जखमेचा रिपोर्ट बघून घरचे लोक तोंडाच्या कॅन्सरच्या आठवणी काढून रडू लागतात, तेव्हा त्यांना हा फरक सांगणारं कुणीतरी हवं असतं.

आता एक गोष्ट नीट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. वरच्या थराच्या खाली एक अतिशय पातळ पडदा असतो. खाडीकाठच्या खारबंदिस्तीच्या बांधासारखं त्याचं काम असतं. बांधाच्या एका अंगाला खारं पाणी, दुसऱ्या अंगाला भाताचं शेत. पाणी बांधाच्या पलीकडे कितीही गढूळ झालं तरी बांध शाबूत आहे तोवर शेताला धक्का नाही. कातडीच्या वरच्या थरात रक्तवाहिन्या नसतात. त्या पडद्याच्या खाली असतात. रसवाहिन्याही तिथेच, म्हणजे बिघडलेल्या पेशी वाहून नेणारे सगळे रस्ते पडद्याच्या खालच्या बाजूला. पेशी बिघडल्या, पण अजून पडद्याच्या वरच आहेत, ही झाली कॅन्सरपूर्व अवस्था. पडद्याला खांड पडली आणि पेशी खाली उतरल्या की तो कॅन्सर. खांड पडल्यावर पहिल्याच भरतीत सगळं शेत बुडतं असं नाही, पण त्यानंतरचा प्रत्येक दिवस महागात जातो.

कॅन्सरच्या आधीच्या अवस्था

कातडी सतत नवी होत असते, म्हणजे पेशी सतत आपली नक्कल काढत असतात. नक्कल काढताना चुका होतात. त्या पकडण्यासाठी पेशीत राखणदार जनुकं असतात. त्यांतल्या सगळ्यात परिचित जनुकाचं नाव पी-५३. पेशी फारच बिघडली तर तिला मरायला लावणं हेही त्याचंच काम. हा राखणदारच निकामी झाला तर बिघडलेल्या पेशी मरत नाहीत, वाढत राहतात. उन्हातले अतिनील किरण नेमका हाच घात करतात.

उन्हामुळे येणाऱ्या कॅन्सरपूर्व डागाला ॲक्टिनिक केराटोसिस म्हणतात. टक्कल, कपाळ, कानाची पाळी, हाताची मागची बाजू अशा उघड्या जागी खरखरीत, खपली धरणारा छोटा डाग येतो. दिसण्याआधी तो बोटाला जाणवतो. गोऱ्या देशांत पन्नाशी-साठीच्या माणसांना असे डाग सर्रास असतात. असा एखादा डाग वर्षभरात कॅन्सर होण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी असते, आणि काही डाग आपोआप जातातही. आपल्याकडे हे डाग बरेच कमी दिसतात.

दुसरी अवस्था बोवेनचा आजार. अमेरिकी त्वचातज्ज्ञ जॉन बोवेन यांनी १९१२ साली तिचं वर्णन केलं. यात वरच्या थराची पूर्ण जाडी बिघडलेली असते, पण पडदा शाबूत असतो. उपचार न केलेल्या शंभर जणांपैकी साधारण तीन ते पाच जणांत पुढे खरा कॅन्सर होतो. हिच्याबद्दल कोकणात वेगळं सांगायला हवं, कारण ती हुबेहूब नायट्यासारखी दिसते: एकच लालसर, कोरडा, खवले धरणारा चट्टा, हळूहळू कडेने पसरणारा. आपल्या दमट हवेत नायटा घरोघरी. त्यामुळे दुकानातून ट्यूब आणली जाते. तिच्यात अनेकदा स्टेरॉइड असतं, ते लावल्यावर लाली थोडी उतरते, आणि वर्ष निघून जातं. नायटा बहुधा एकापेक्षा जास्त ठिकाणी येतो, भरपूर खाजतो आणि योग्य औषधाने काही आठवड्यांत आटोक्यात येतो. एकच चट्टा, फारशी खाज नाही, दोन महिने औषध लावूनही हटत नाही, असं असेल तर ट्यूब बदलत बसू नका, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

तिसऱ्या अवस्थेचं कारण आर्सेनिक, म्हणजे सोमल. पश्चिम बंगाल आणि बांगलादेशात कूपनलिकांच्या पाण्यातून ते लाखो लोकांच्या पोटात गेलं. तळहात-तळपायांवर कुरुपासारखे टणक दाणे उठतात, अंगावर काळे-पांढरे ठिपके येतात आणि पुढे काहींना कॅन्सर होतो. कोकणात याचं महत्त्व औषधांपुरतं आहे. दमा, सोरायसिस यांवर वर्षानुवर्षं बिननावाच्या पुड्या घेणाऱ्या कुणाच्या दोन्ही तळहातांवर असे दाणे दिसले, तर त्या पुड्यांसकट डॉक्टरांकडे जावं. एखाददुसरं कुरूप, टाचांच्या भेगा, लावणीच्या दिवसांतल्या चिखल्या यांचा कॅन्सरशी काहीही संबंध नाही.

"आमचा जन्म उन्हात गेला, आम्हाला काय होणार?"

हा प्रश्न अगदी रास्त आहे. रापण ओढणारा, होडीवर दिवस काढणारा, सडा-कातळावर गुरं राखणारा माणूस आयुष्यभर उन्हात असतो. मे महिन्यात कोकणात सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. वाळू आणि फेसाळ पाणी किरण परत फेकतात, आणि पातळ ढगांतूनही त्यांतले बरेचसे खाली येतात. तरीही त्याला उन्हाचा कॅन्सर सहसा होत नाही, याचं श्रेय कातडीतल्या मेलॅनिनला. हे रंगद्रव्य पेशीच्या केंद्रावर आच्छादन धरतं आणि अतिनील किरण अडवतं. आपला सावळा रंग हा अंगभूत बचाव आहे. गोरेपणाच्या क्रीमसाठी पैसे मोजणाऱ्या मुलींना हे कुणीतरी शाळेतच सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

पण हा बचाव सगळ्यांना सारखा मिळालेला नाही. ज्यांच्या कातडीत आणि केसांत जन्मतःच रंग नसतो, म्हणजे ज्यांना अल्बिनिझम आहे, त्यांना कोकणातलं ऊन खरोखर धोक्याचं आहे. त्यांच्यात हा कॅन्सर तरुण वयातही होतो. अशा मुलाला लहानपणापासून पूर्ण बाह्या, रुंद काठाची टोपी, सनस्क्रीन आणि वर्षातून एकदा त्वचेची तपासणी मिळालीच पाहिजे. त्याच्यासाठी ही चैन नव्हे. दिवसा मैदानावर कवायतीला उभं करू नका असं शिक्षकांना आईवडिलांनी निःसंकोच सांगावं. कोड ही निराळी गोष्ट आहे. कोड असलेल्यांमध्ये कातडीच्या कॅन्सरचा धोका असा वाढलेला आढळत नाही. कोडाची जागा उन्हाने लवकर भाजते म्हणून ती झाकावी, एवढंच.

खालचा ओठ हीसुद्धा कच्ची जागा आहे. तिथे मेलॅनिन कमी, ऊन सरळ पडतं, वर विडी किंवा तंबाखू. ओठाची कड पुसट झाली, पांढुरकी कोरडी साल सारखी सुटत राहिली किंवा भेग भरत नसेल, तर दाखवायला हवं. मूत्रपिंड बदललेले आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कायम घेणारे रुग्ण यांच्यात हा कॅन्सर इतरांच्या कित्येक पट जास्त होतो. त्यांनी रंगावर विसंबू नये.

जुनी जखम कॅन्सर का होते?

जुन्या व्रणात उगवणाऱ्या या कॅन्सरला मार्जोलिन अल्सर म्हणतात. फ्रेंच शल्यचिकित्सक झाँ-निकोला मार्जोलिन यांनी १८२८ साली अशा जखमांचं वर्णन केलं. त्या कॅन्सरच्या आहेत हे मात्र त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. तो शोध पुढच्यांनी लावला.

मोठा भाजल्याचा व्रण ही साधी कातडी नसते. तिथे घामाच्या ग्रंथी नसतात, केस नसतात, रक्तपुरवठा तुटपुंजा असतो, कातडी ताणलेली आणि पातळ असते. गुडघ्यामागे, घोट्यावर, कोपरात तर ती प्रत्येक हालचालीला ओढली जाते. जरा खरचटलं की फाटते, भरते, पुन्हा फाटते. प्रत्येक वेळी कडेच्या पेशींना घाईने विभागून ती फट बुजवावी लागते. जितक्या नकला जास्त, तितक्या चुका जास्त. शिवाय व्रणात रसवाहिन्या नष्ट झालेल्या असल्याने, बिघडलेल्या पेशी ओळखून मारणाऱ्या आपल्या रक्षक पेशी तिथे नीट पोचत नाहीत. बांधाची एकच जागा दर भरतीला ढासळते आणि दर वेळी मिळेल त्या मातीने बुजवली जाते; एक दिवस खांड पडते ती तिथेच.

याला वेळ लागतो. भाजणं आणि कॅन्सर यांच्यामध्ये सरासरी तीसेक वर्षांचं अंतर असतं. लहानपणी चुलीत पाय गेलेल्या मुलीला चाळिशीत जखम होते. तेव्हा तिला किंवा डॉक्टरला त्या भाजण्याची आठवणही येत नाही.

कोकणातल्या घरात असे व्रण कुठून येतात ते पाहा. उकड्या तांदळासाठी भात उकडताना कलंडलेलं भांडं. न्हाणीतल्या चुलीवरचा पाण्याचा हंडा. भाजावळीच्या वेळी पदराला लागलेली आग. स्टोव्हचा भडका. कावीळ उतरावी म्हणून दिलेला डाग. यांपैकी लहान, वरवरच्या भाजण्यांची चिंता नको. चिंता खोल भाजलेल्या आणि कातडी न लावता आपोआप, कित्येक महिन्यांनी भरलेल्या मोठ्या व्रणांची. अशा शंभर व्रणांपैकी एक-दोनांत कॅन्सर होतो असा अंदाज वैद्यकीय ग्रंथांत दिला जातो.

भाजणं हेच एक कारण नव्हे. मधुमेह्याच्या तळपायाची जखम, व्हेरिकोज व्हेन्समुळे, म्हणजे पायाच्या फुगलेल्या शिरांमुळे घोट्याजवळ झालेला ओला व्रण, कुष्ठरोगातून बरं झाल्यावरही बधिर राहिलेल्या पायावरचं क्षत, हाडात पू होऊन वर्षानुवर्षं वाहणारं छिद्र, या सगळ्यांत तेच घडू शकतं. कारण वेगवेगळं, पण प्रत्येक ठिकाणी भरणं आणि फाटणं यांची न संपणारी ओढाताण आहे.

साडीची बातमीसुद्धा इथेच येऊन मिळते. ती नवी नाही. टाटा मेमोरियल रुग्णालयातले विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी बी. सूर्याबाई यांनी १९४५ साली भारतातल्या राहणीशी जोडलेल्या कॅन्सरवर शोधनिबंध लिहिला आणि त्यात धोतराच्या गाठीखाली कमरेवर होणाऱ्या कॅन्सरची नोंद केली. धोतर मागे पडलं तशी ही उदाहरणं घटली. परकराच्या नाडीखाली तीच गोष्ट होते: दाब, घाम, घर्षण, मग काळसर किंवा पांढुरका पट्टा, मग साल, मग चीर. काश्मीरमध्ये थंडीत फिरन या लांब झग्याच्या आत निखाऱ्यांची कांगडी, म्हणजे छोटी शेगडी धरतात, तिच्या धगीने पोटावर आणि मांड्यांवर होणारा कांगडी कॅन्सरही याच जातीचा.

जगाला व्यवसायामुळे होणारा पहिला कॅन्सर कळला तोही हाच. लंडनमध्ये धुराडी साफ करणाऱ्या मुलांच्या अंडकोषाच्या कातडीत काजळी साचायची आणि मोठेपणी तिथे कॅन्सर व्हायचा, हे इंग्रज शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली लिहून ठेवलं. १९१५ साली जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना महिनोन्‌महिने कोळशाचं डांबर चोळून हा कॅन्सर प्रयोगशाळेत घडवून दाखवला. एकदा डांबर लागून काही होत नाही, पुन्हा पुन्हा लागून होतं. होड्यांना कोळशाचं डांबर लावणाऱ्यांनी हातमोजे घालावेत आणि काम झाल्यावर साबणाने धुवावं. रॉकेलने हात पुसू नयेत, त्याने कातडी आणखी फाटते.

"मग आता साडी नेसायचीच नाही का?"

नेसायची. जगभरात नोंदली गेलेली अशी उदाहरणं मोजकी आहेत आणि कोट्यवधी बायका साडी नेसतात. बदल करायचा तो नाडीत. दोरीसारख्या बारीक नाडीऐवजी रुंद पट्टीची नाडी किंवा रुंद इलॅस्टिक वापरा, घरी असताना सैल बांधा, गाठ रोज एकाच जागी येऊ देऊ नका. लुगडं नेसणाऱ्या आजीला कमरेला मऊ सुती पट्टा आधी गुंडाळायला सांगा. नाडीखालचा कातडीचा पट्टा नुसता काळा पडला असेल तर तो कॅन्सर नाही, बायकांच्या कमरेवर तो असतोच. तिथे चीर पडली आणि महिन्याभरात भरली नाही, तर दाखवा.

दाखवायचं कधी?

तीन-चार आठवड्यांत न भरणारी कुठलीही जखम, विशेषतः जुन्या व्रणावरची. कडा जाड होऊन बाहेर वळलेली जखम. जरा धक्का लागला की रक्त येणारी. अचानक दुर्गंधी सुटलेली. व्रणावर फ्लॉवरसारखी वाढणारी गाठ. किंवा वर्षानुवर्षं एकसारख्या असलेल्या जखमेचं रूप गेल्या काही महिन्यांत पालटलं असेल तर. काखेत किंवा जांघेत गाठ लागत असेल तर आठवडाभरही थांबू नका. तळपायावर किंवा नखाखाली नवा काळा डाग आला आणि तो पसरत असेल, तर तो मेलानोमाच्या शंकेने दाखवायचा.

"पण दुखत नाय, मग कित्याक डॉक्टर?" हे मालवणी मुलखातल्या प्रत्येक घरात ऐकू येतं. सुरुवातीला हा आजार बहुतेकदा दुखतच नाही. मधुमेहाने किंवा कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायाला तर पुढेही दुखत नाही. दुखण्याची वाट पाहिली तर वेळ गेलेली असते.

जखमेवर बिब्बा, चुना, हळद-तेलाचा लेप असलं काही लावून नेऊ नका. बिब्ब्याने कातडी आणखी भाजते, आणि लेपाखाली काय आहे ते डॉक्टरला दिसत नाही.

"तुकडा काढला की पसरतो ना?"

या एका समजुतीने कोकणात किती पाय आणि किती जीव गेले असतील, याचा विचार करवत नाही. 'लोखंड लागलं की वाढतो', 'हवा लागली की पसरतो' असं घरातलं वडीलधारं माणूस सांगतं आणि तपासणी टळते. या कॅन्सरमध्ये कडेचा छोटा तुकडा काढल्याने तो पसरत नाही. तुकड्याशिवाय निदान होत नाही आणि निदानाशिवाय उपचार ठरत नाही. समजूत का रुजली तेही कळतं: लोक फार उशिरा येतात, तोवर आजार आतून पसरलेला असतो, तुकडा काढल्यावर महिन्या-दोन महिन्यांत तब्येत खालावते आणि दोष तुकड्याला लागतो.

जखम बधिर करून काही मिनिटांत हे काम होतं, टाके एक-दोन. तुकडा जखमेच्या मधून नव्हे तर कडेवरून, आणि जखम मोठी असेल तर दोन-तीन जागांवरून घ्यायचा असतो, कारण मधोमध नुसतीच सूज आणि मेलेला भाग सापडतो. पहिल्या रिपोर्टमध्ये 'नुसती सूज' आलं आणि जखमेचं वागणं मात्र संशयास्पदच राहिलं, तर पुन्हा तपासणी मागायला लाजू नका. जुन्या जखमांमध्ये पहिला तुकडा चुकवू शकतो, हे डॉक्टरांनाही ठाऊक असतं.

उपचार

पडदा शाबूत असलेल्या अवस्थांना मोठं ऑपरेशन लागत नाही. उणे १९६ अंश तापमानाच्या द्रव नायट्रोजनने डाग गोठवतात, काही आठवडे फाइव्ह-फ्लुरोयुरासिल किंवा इमिक्विमोडचं मलम लावतात, किंवा चट्टा खरवडून अथवा कापून काढतात. मलमाने जागा लालभडक होते, सोलते आणि मग निवळते. ते पाहून घाबरून मधेच बंद करू नये.

कॅन्सर झालेला असेल तर मुख्य उपचार शस्त्रक्रिया. गाठ भोवतालच्या काही मिलिमीटर निरोगी कातडीसकट काढतात, आणि गरज पडली तर मांडीची पातळ कातडी तिथे लावतात. वेळेत काढलेला छोटा कॅन्सर शंभरातल्या पंचाण्णव जणांत कायमचा बरा होतो. उन्हातून झालेला साधा कॅन्सर शंभरातल्या दोन ते पाच जणांत रसग्रंथींपर्यंत जातो. भाजल्याच्या व्रणातून झालेला मात्र त्याच्या कित्येक पट वेळा जातो, आणि म्हणूनच त्याच्या बाबतीत मी इतकी मागे लागते आहे. ऑपरेशन शक्य नसेल किंवा रसग्रंथींत पसरला असेल तर किरणोपचार देतात. फारच पुढे गेलेल्या आजारासाठी सेमिप्लिमॅबसारखी, शरीराच्या रक्षक पेशींना जागं करणारी औषधं २०१८पासून वापरात आली आहेत. ती महाग आहेत.

"आता या वयात कशाला चिरफाड?"

सत्तरीच्या आजीच्या पायावरची सुपारीएवढी गाठ जागा बधिर करून काढता येते, पूर्ण भूल लागत नाही, अनेकदा त्याच दिवशी घरी येता येतं. ती तशीच ठेवली तर वर्षभरात तिला वास येतो, रक्त येतं, माश्या बसतात, आजी ओसरीवर यायची बंद होते. पुढे पाय कापावा लागू शकतो. म्हाताऱ्या माणसाला त्रास नको म्हणून ऑपरेशन टाळणाऱ्यांनी हा दुसरा त्रास आधी डोळ्यांसमोर आणावा. निर्णय आजीला विचारून घ्यावा, तिच्या वतीने नव्हे.

जायचं कुठे आणि कागद कोणते ठेवायचे?

पहिली तपासणी जिल्हा रुग्णालयात होऊ शकते. अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. चिपळूणजवळ डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात कॅन्सरवर उपचार होतात. तळकोकणातले लोक पूर्वीपासून गोव्याला बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात. मुंबईला परळचं टाटा मेमोरियल आहे, आणि त्याच संस्थेचं केंद्र खारघरलाही आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं, किरणोपचार आणि केमोथेरपी येतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याच्याकडे जावं.

डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण होऊन सांगायच्या गोष्टी: इथे पूर्वी भाजलं होतं का, कोणत्या साली, कातडी लावली होती का, जखम पहिल्यांदा कधी झाली, कोणकोणती मलमं लावली. रिपोर्ट हातात आला की 'इन सिटू' हे शब्द शोधा. ते असतील तर पडदा शाबूत आहे. 'वेल डिफरन्शिएटेड' म्हणजे पेशी अजून मूळच्या पेशींसारख्या दिसतात, हे चांगलं लक्षण. ऑपरेशननंतरच्या रिपोर्टमध्ये 'मार्जिन फ्री' असायला हवं, म्हणजे कडेला कॅन्सर उरलेला नाही. 'मार्जिन पॉझिटिव्ह' असेल तर पुन्हा कापावं लागेल का, ते त्याच दिवशी विचारा. आणि पुढच्या उपचारांसाठी मुंबईला किंवा गोव्याला जायचं ठरलं, तर निघण्यापूर्वी प्रयोगशाळेतून तपासलेल्या तुकड्याचा मेणाचा ठोकळा आणि काचपट्ट्या मागून घ्या. पुढच्या रुग्णालयात त्याच तुकड्याची फेरतपासणी करता येते आणि दुसऱ्यांदा तुकडा काढायची वेळ बहुधा येत नाही.